जुन्या पत्त्यावरच्या नोंदी

३ फेब्रुवारी, सोमवार

आज नवी प्रणाली सुरू केली. आठ महिने घरी बसल्यावर मिळालेली ही नोकरी आणि तिच्यातलं हे पहिलं मोठं काम, म्हणून ठरवलं की रोज थोडं लिहायचं. रोज जमणार नाही हे मला माहीत आहे, पण ठरवायला काय जातं.

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. एकशे साठ लिफ्ट आमच्याकडे आहेत आणि आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर अशा इमारतीत आहे जिला लिफ्टच नाही. यावर ऑफिसात कुणी हसत नाही. पहिल्या दिवशी मी हसले, तेव्हा कुणाच्या तरी दुखण्यावर हसल्यासारखं सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

अकरा मेकॅनिक दर पंधरा दिवसांनी प्रत्येक लिफ्ट तपासतात. दोर, ब्रेक, दरवाजे, तेल, असा फॉर्म फोनवर भरतात. हे सगळं आधी ज्याने बनवलं तो नोकरी सोडून गेला आणि जाताना एका ओळीचीही माहिती लिहून ठेवली नाही. त्याला मी पूर्वज म्हणते. पूर्वजाने पानांना दिलेले पत्ते बघून मी कपाळाला हात लावला. एका पानाचा पत्ता ‘तपासणी-नवीन-शेवटचं-२’. शेवटचं एक कुठे गेलं, देव जाणे.

मी सगळं नव्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या तयार सांगाड्यात लिहिलं, स्वच्छ पत्ते दिले आणि जुन्या पत्त्यांवर येणाऱ्याला नव्याकडे वळवलं. याला रिडायरेक्ट म्हणतात. आमच्या व्यवस्थापकांना (मी त्यांना मनात वेळापत्रक म्हणते, कारण माणूस कमी आणि तक्ता जास्त आहेत) ते कळेना. म्हटलं, घर बदललं की जुन्या दारावर पाटी लावतात ना, अमुक पत्त्यावर गेलो, तसं. म्हणाले, “मग कितीशे पाट्या लावल्यास?” म्हटलं, एकच, सगळ्यांसाठी. एका ओळीत. वीस जुने पत्ते टाकून बघितले, वीसही बरोबर ठिकाणी गेले.

वेळापत्रक म्हणाले, “बापाचा हात आहे बरं का मुलीत.” बाबा याच कंपनीत चौतीस वर्षं मेकॅनिक आहेत. बाबांमुळे नोकरी मिळाली असं कुणी सुचवलं की माझं डोकं फिरतं. मुलाखत मी दिली. बाबांनी मालकीणबाईंना, म्हणजे मॅडमना, फक्त एकदा सांगितलं होतं की माझी मुलगी हे काम करते. त्यात काय मोठंसं.

मला कायम करायचं की नाही हे पंधरा मार्चला ठरणार.

५ फेब्रुवारी, बुधवार

परवा, प्रणाली सुरू करतानाच, सगळ्या मेकॅनिकना नवे फोन वाटले. नऊ जणांनी मुकाट घेतले. घड्याळकाका गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर आहेत, त्यांचा ठेवून दिला. (पावणेनऊला येतो म्हणाले की पावणेनऊला दिसतात, म्हणून घड्याळकाका. त्यांच्या शब्दावर मॅडमसुद्धा दुसरा शब्द बोलत नाहीत.) आणि अकराव्या माणसाने नाही म्हटलं. अर्थात आमच्या बाबांनी.

“माझा फोन चालतो. अक्षरं मोठी आहेत, तेलकट बोटाने चालतो, पडला तरी चालतो.”

लिफ्टची मोटर गच्चीवरच्या खोलीत असते आणि तिथे नेटवर्क नसतं. म्हणून पूर्वजाने सगळ्यांच्या जुन्या फोनवर फॉर्मचं पान साठवून दिलं होतं. वर भरायचं, खाली येऊन ‘पाठवा’ दाबायचं. बाबा म्हणाले, “ते पान चालेल ना अजून?” मी म्हटलं, “पान जुन्या पत्त्यावर पाठवेल, मी जुने पत्ते वळवलेत, न चालायला काय झालं?” मी चार माणसांत चिडून बोलले. पण चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने चार माणसांत मुलीसमोर हट्ट करावा का?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चुकांची यादी रिकामी. पाच दिवसांत एकही चूक नाही. पूर्वजाच्या काळात रोज चाळीस असायच्या. जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या पैशाने केक आणला आणि स्वतःच खाल्ला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

घरी काम आणायचं नाही असं मी ठरवलंय, पण काम माझ्या आधी घरी येऊन खुर्चीत बसलेलं असतं. बाबा म्हणाले, पाठवा दाबल्यावर आधी ‘नोंद झाली’ अशी हिरवी पट्टी यायची. आता येत नाही, जुन्या नोंदींची यादी उघडते.

म्हटलं, “नवी पद्धत आहे.”

“बाकीच्यांच्या फोनवर येते पट्टी.”

“त्यांचे फोन नवे आहेत, बाबा. तुमच्यावर दिसत नसेल.”

“यादीत माझी नोंद पण नाही दिसत.”

“यादी लगेच ताजी होत नाही. तासाने होते, मीच तसं केलंय. प्रत्येक वेळी सर्व्हरला का दमवायचं?”

“तू म्हणतेस तर,” म्हणाले आणि फोन खिशात टाकला. आई आतून म्हणाली, “जरा बघून दे की त्यांना.” एकाला बघून दिलं तर उद्या अकरा जण दारात उभे राहतील, हे आईला कोण सांगणार.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा दिवस वैऱ्यावरही येऊ नये. एका अकरा मजली इमारतीत लिफ्ट सहाव्या आणि सातव्याच्या मधे अडकली. आत एक दाताच्या डॉक्टरीणबाई, पाऊण तास. इजा काही नाही, पण बाहेर आल्यावर त्या जे बोलल्या ते मॅडमनी फोन कानापासून लांब धरून ऐकलं. इमारतीच्या समितीने तासाभरात तपासणीच्या नोंदी मागितल्या.

वेळापत्रकांनी नोंद काढली. शेवटची तपासणी २३ जानेवारी. त्यानंतर कोरं. मग त्या मेकॅनिकच्या सगळ्या लिफ्ट काढल्या. चौदाच्या चौदा फेब्रुवारीत कोऱ्या. मेकॅनिक कोण ते लिहायची गरज नाही.

मला बोलावलं. मॅडमनी एकच विचारलं, “प्रोग्राम ठीक आहे?”

“ठीक आहे. बाकी सगळ्यांच्या नोंदी येतायत. चुकांची यादी कोरी आहे.” आवाज स्थिर होता याचं मला तेव्हा बरं वाटलं.

बाबांना आत बोलावलं तेव्हा मी दाराशीच होते. “मी सगळ्या केल्यात,” एवढंच म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही.

तपासणी न करणाऱ्या मेकॅनिकचा परवाना जातो. बाबा सहा महिन्यांनी निवृत्त होणार आहेत. हे खरं ठरलं तर ते लिफ्ट न बघता पगार घेणारा माणूस म्हणून घरी जातील.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी घरात महाभारत. मी शांतपणे सुरुवात केली होती, हे नमूद करते.

“बाबा, खरं सांगा. गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत, तर तसं सांगा. कुणी रागावणार नाही.”

“मी चढलो. मी बघितलं. मी भरलं.”

“मग नोंद कुठे गेली? हवेत?”

“ते मला काय माहीत? तू ठेवतेस नोंदी.”

“सर्व्हर खोटं बोलत नाही, बाबा.”

आईने पातेलं इतक्या जोरात ठेवलं की झाकण टेबलाखाली गेलं. म्हणाली, “आणि हे बोलतात? बत्तीस वर्षं संसार केलाय मी. वाण्याने दोन नाणी जास्त दिली तर अर्ध्या रस्त्यातून परत जाणारा माणूस आहे हा.”

बाबा बूट घालायला लागले. एका बुटाची नाडी तीन वेळा सुटली.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. गेल्या महिन्यात ते गॅस चालू ठेवून खाली गेले होते. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतात. विसरले असतील तर? इमारतीच्या दाराशी जाऊनच परत येतात, आणि आपण वर गेलो होतो असं त्यांना खरंच वाटत असेल तर? हा विचार मला खोटेपणाच्या विचारापेक्षा बरा वाटतो, आणि तो बरा वाटतो याची लाज वाटते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बाबा आंघोळीच्या आधीपासून फोन घेऊन खिडकीत बसले होते. बिघडलेल्या मोटरकडे बघतात तसे डोळे बारीक करून. पाठवा दाबत होते, बघत होते, मागे जात होते, परत दाबत होते. मी दात घासत असतानाच मला बोलावलं.

“दाबलं की वरची ओळ दोनदा बदलते. आधी जुना पत्ता, मग नवा. एका पत्त्यावरून दुसऱ्यावर जाताना मधे काही पडू शकतं का?”

“काही पडत नाही. आपोआप जातं.”

“आपोआप जाणाऱ्या गोष्टीतच पडतं, बाई. चौतीस वर्षं तेच बघतोय.”

माझा संयम तिथे संपला. म्हटलं, लिफ्ट आणि वेबसाइट यात फरक असतो. मग ते एकदम वेगळंच विचारायला लागले. हे नवं कुणी लिहिलं? मी. दुसऱ्या कुणी तपासलं का? नाही, दुसरं आहे कोण. म्हणजे बिघाड निघालाच तर तुझ्या एकटीचा? हो, पण बिघाड नाहीये. तुला कायम कधी करणार? पंधरा मार्च, शंभरदा सांगितलंय.

“हं,” म्हणाले. फोन बंद करून खिशात टाकला. मग, “जा, उशीर होईल तुला.”

पळवाट शोधत होते आणि सापडली नाही, असंच दिसत होतं. मला त्यांची कीव आली आणि रागही आला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबांनी लिहून दिलं. तपासण्या केल्या नाहीत.

वेळापत्रकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हळू आवाजात, कुणी गेल्याचं सांगतात तसं. सकाळी स्वतःहून आले, कागद मागितला, उभ्यानेच लिहिलं, सही केली. तीन मार्चला मॅडम निर्णय देणार. तोवर फेऱ्या बंद, कोठारात बसून नट-बोल्ट मोजायचे.

म्हणजे मी बरोबर होते. पहिला विचार हाच आला, आणि हायसं वाटलं. दुसरा विचार यायला निदान पाच मिनिटं लागली.

घरी त्यांना म्हटलं, “आधीच सांगायचं होतं ना. मी केवढी भांडले.” ते म्हणाले, “भांडलीस ते बरं केलंस.” आई भिंतीकडे तोंड करून कपडे घड्या घालत होती. मी जवळ गेल्यावर म्हणाली, “तुला काही म्हणजे काही कळत नाही.” काय कळत नाही ते विचारलं तर ताकास तूर लागू देईना.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमनी बोलावून शाबासकी दिली. “घरचा माणूस असून तू बाजू घेतली नाहीस.” अर्धा दिवस मला फार छान वाटलं. मग कोठारावरून जाताना बाबा दिसले. बोल्ट आकारावार लावत होते, तोंडाने मोजत. इतर मेकॅनिक पान्हे न्यायला येत आणि त्यांच्याशी हवापाण्याचं बोलून जात. माझ्याशी तेवढंही कुणी बोलत नाही.

त्यांच्या चौदा लिफ्ट इतरांनी पुन्हा तपासल्या. अडकलेल्या लिफ्टचं कारण सापडलं, सातव्या मजल्यावर कुणीतरी कपाट नेताना दरवाजाला ठोकर दिली होती. बाकीच्या तेरा ठणठणीत. ग्रीससुद्धा ताजं. वेळापत्रक म्हणाले, “महिनाभर कुणी हात लावला नाही तरी काही झालं नाही. नशीब.” खरंच नशीब म्हणायचं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

क्रमाने लिहिते.

घड्याळकाका सोमवारी कामावर आले. जिने जपून चढत, पण आठ पंचेचाळीसला. आज दुपारी माझ्या टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, “मुली, मी दोन दिवसांत तीन लिफ्ट भरल्या. यादीत एकही नाही. बघतेस जरा?”

मी ताडकन उठले. घड्याळकाका न केलेलं काम केलं म्हणणं शक्यच नाही. म्हणजे प्रोग्राममध्येच काहीतरी आहे. त्यांचा फोन हातात घेतला. जुना फोन. नवा अजून माझ्याच कपाटात पडला होता. पूर्वजाने साठवलेलं तेच पान. भरलं, पाठवा दाबलं. वरची ओळ दोनदा बदलली. हिरवी पट्टी नाही. यादी उघडली.

मग मी सर्व्हरच्या लॉगमध्ये गेले. चुकांच्या यादीत नाही, सगळ्या येण्याजाण्याच्या लॉगमध्ये, जिथे प्रत्येक मागणीची एक ओळ पडते. तीन आठवडे मी तो उघडलाच नव्हता. चूक नाही तर कशाला उघडायचा?

ब्राउझर दोन तऱ्हेच्या मागण्या करतो. एक, ‘मला दाखव’. दुसरी, ‘हे घे, ठेव’. फॉर्म पाठवणं ही दुसरी. मी जी पाटी लावली होती तिचा क्रमांक ३०१, म्हणजे पत्ता कायमचा बदलला, तिकडे जा. ती वाचून ब्राउझर तिकडे जातो खरा, पण हातातलं सामान दारातच टाकून जातो आणि नव्या पत्त्यावर रिकाम्या हाताने म्हणतो, मला दाखव. नवा पत्ता बिचारा यादी दाखवतो. सगळं सुरळीत. कुणाचीच चूक नाही, म्हणून चुकांच्या यादीत काही नाही. यासाठीच ३०८ नावाची दुसरी पाटी असते. सामानासकट जा, असं सांगणारी. फ्रेमवर्कच्या माहितीत हे पिवळ्या चौकटीत लिहिलंय. मी आधीच्या नोकरीत पहिल्या वर्षीच वाचलं होतं. आणि मी तपासलेले वीसच्या वीस पत्ते ‘मला दाखव’ वाले होते. एकदाही जुन्या पानावरून फॉर्म भरून पाठवला नाही. एकदाही.

एका आकड्याचा फरक. बदलला. घड्याळकाकांनी पुन्हा पाठवा दाबलं, हिरवी पट्टी आली, नोंद आली. “झालं की,” म्हणाले आणि गेले. त्यांच्यासाठी मला सात मिनिटं लागली. बाबांनी तेरा तारखेला हेच सांगितलं होतं, शब्दन् शब्द हेच.

मग बाबांच्या ओळी शोधल्या. तीन ते वीस फेब्रुवारी, एकोणीस ओळी. चौदाही लिफ्ट, कारण लिफ्टचा क्रमांक पत्त्यातच असतो. ती अकरा मजली इमारत: सहा फेब्रुवारी, अकरा वाजून चाळीस मिनिटं. आत काय भरलं होतं ते गेलं, कायमचं. पण माणूस तिथे होता. वीस तारखेच्या सकाळच्या बऱ्याच ओळी आहेत, लागोपाठ, आमच्या घरून. त्या मी मोजल्या नाहीत.

वेळापत्रकांकडे धावत गेले. म्हटलं, बाबांचा कागद परत द्या, तो चुकीचा आहे, त्यांना वाटलं असेल आपणच विसरलो. त्यांनी फाइल पुढे केली. बाबांचं तिरकं अक्षर. ‘मी सदर तपासण्या केलेल्या नाहीत. संगणकाच्या कामात कोणताही दोष नाही.’

हे दुसरं वाक्य त्यांना कुणी लिहायला सांगितलं होतं का, असं मी विचारलं. वेळापत्रक म्हणाले, “नाही ग, ते त्यांनी स्वतःहूनच घातलं. मला जरा जास्तीचंच वाटलं.”

मी जिन्यात जाऊन बसले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

“तुम्हाला माहीत होतं.”

“काय?”

“बाबा.”

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “थोडंफार. मधे काहीतरी पडतंय एवढं कळलं. काय पडतंय ते तुझं तुला माहीत.”

“मग सांगितलं का नाही?”

“सांगितलं की. तू दात घासत होतीस.”

मी रडणार नव्हते, पण झालं ते झालं. म्हटलं, मी आजच मॅडमना सगळं लिहून देणार. तर हा माणूस, ज्याने कधी आवाज चढवला नाही, तो ओरडला. “काही लिहायचं नाही! मी सहा महिन्यांत घरी बसणार. मला काय फरक पडतो? तुझं सगळं पुढे पडलंय. आठ महिने तू या खुर्चीत बसून भिंत बघत होतीस, ते मी बघितलंय. परत नाही बघायचं मला.”

“आणि परवाना?”

“भिंतीवर लावून काय करणार होतो?”

“आणि लोक काय म्हणतील? तुमच्या चौदा इमारतींमधले?”

यावर त्यांनी कप उचलला आणि न पिता परत खाली ठेवला. म्हणजे फरक पडत होता. मग म्हणाले, “मी लिहून दिलंय. शब्द मागे घेणार नाही.” आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललाय आणि तेही तत्त्वाने. आई दारातून म्हणाली, “मी दोघांच्याही मधे पडणार नाही,” आणि मधेच उभी राहिली.

मॅडमना मेल पाठवला. लॉगच्या एकोणीस ओळी जोडल्या. चूक माझी, कशी झाली, कधीपासून, कुणाचं काय गेलं. चार वेळा लिहून खोडला, कारण दर वेळी पूर्वजाचं नाव कुठूनतरी घुसत होतं. पाचव्या वेळी काढून टाकलं. जुन्या पानाचा आणि जुन्या पत्त्यांचा दोष नव्हता. ते चालत होते.

३ मार्च, सोमवार

मॅडमच्या खोलीत मी, बाबा, वेळापत्रक. दाराशी घड्याळकाका, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि त्यांना जा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मॅडम बाबांना म्हणाल्या, “ही म्हणते तुम्ही तपासण्या केल्यात.”

“नाही केल्या.”

“केल्या!” मी म्हटलं. “सहा फेब्रुवारी, अकरा चाळीस, अकरा मजली. त्याच दिवशी पाऊण वाजता, तिच्या मागची इमारत.”

“फोन खिशात दाबला गेला असेल.”

“एकोणीस वेळा? वेगवेगळ्या चौदा लिफ्टसाठी?”

“खिसा मोठा आहे.”

घड्याळकाका फस्सकन हसले. मी टेबलावर कागद आपटला. बाप खोटा ठरावा म्हणून बाप भांडतोय, खरा ठरावा म्हणून मुलगी किंचाळतेय, आणि दोघांचाही आवाज जिन्यापर्यंत जातोय. वेळापत्रक पुटपुटले, “तरीच ग्रीस ताजं होतं. मला वाटलं, नशीब.”

“नशीब ग्रीस लावत नाही,” मॅडम म्हणाल्या. मग बाबांकडे वळून, “माझ्याकडे बघून सांगा. वर गेला होतात की नाही?”

बाबांनी मॅडमकडे बघितलं. तोंड उघडलं. मिटलं. कागदावर लिहिणं जमलं होतं, पण तोंडाने त्या प्रश्नाला नाही म्हणणं त्यांना जमेना. कानापर्यंत लाल झाले. “प्रत्येक लिफ्टला गेलो होतो, बाई,” म्हणाले. “न जाऊन कसं चालेल?”

मॅडमनी फाइलमधला कागद काढून त्यांच्या हातात दिला. उद्यापासून फेऱ्या चालू. चौदा समित्यांना त्या स्वतः पत्र लिहिणार की मेकॅनिकची काही चूक नव्हती.

मग माझी पाळी. कायम होणं तीन महिने पुढे ढकललं. “चुकीसाठी नाही. चुका होतात. मी विचारलं तेव्हा तू न बघता ‘ठीक आहे’ म्हणालीस, त्यासाठी. न तपासता ठीक आहे म्हणणारा या इमारतीत एकच जण निघाला, आणि त्याची शिक्षा कोठारातला माणूस भोगत होता.”

मी मान हलवली.

४ मार्च, मंगळवार

बाबा दोन शब्दांपलीकडे बोलत नव्हते. त्यांचा इतका छान बेत मी मोडला, याचा राग. संध्याकाळी मटार सोलत बसले होते. मी समोर बसून सोलायला लागले. ऑफिसात आज मी जुन्या पत्त्यांचे सगळे फॉर्म एकेक करून भरून पाठवले, बत्तीस आहेत, ते सांगितलं. “हं,” म्हणाले.

मग जे विचारायचं होतं ते विचारलं. “मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही. वाईट वाटलं असेल ना?”

त्यांनी एक शेंग सोलली, किडका दाणा वेगळा काढला.

“पहिल्या दिवशी वाटलं,” ते म्हणाले. “दुसऱ्या दिवशी कळलं की चूक तुझी आहे. मग नाही वाटलं.”

आणि पुढची शेंग घेतली. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?